चुकून मार्थाबाईंकडे

नाशिकहून परत आल्यावर मिरजेत ज्याने त्याने मला हेच विचारलं, "गोदावरी पाहिली का? पांडवलेणी पाहिली का?" नाही पाहिली. चार दिवसांत मी दोन स्वयंपाकघरं, एक द्राक्षबाग आणि दोन चर्च पाहिली. पण आमच्या महिला मंडळातल्या ज्या बायका या खेपेला येऊ शकल्या नाहीत, त्यांना सगळं सांगेन असं मी कबूल केलं होतं. तोंडी सांगायला बसलं की मधेच कुणीतरी हसतं आणि गोष्ट अर्धवट राहते. म्हणून लिहून काढते.

मार्चच्या सुरुवातीला नाशिकच्या एका चर्चच्या मंडळीत महिलांचं संमेलन होतं आणि मला ‘ख्रिस्ती सहभागिता’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे कुठलाही विषय दिला की आधी व्याख्या लिहायची ही हाताला लागलेली सवय. पुण्यापासून संगमनेरपर्यंत मी एसटीत त्या व्याख्याच घोकत होते. पिशवीत यजमानीणबाईंसाठी तासगावचे बेदाणे होते. द्राक्षांच्या गावाला बेदाणे नेतेय, हे माझ्या लक्षात आलं ते सिन्नर मागे पडल्यावर, खिडकीतून बागा दिसायला लागल्या तेव्हा.

नाशिक, गुरुवार

सीबीएस स्टँडला उतरले तर समोर एक उंच, वाळलेले गृहस्थ कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ‘मिरजेच्या भगिनी’ असं लिहून उभे होते. मी मिरजेची, आणि भगिनीही आहे. पुढे होऊन नमस्कार केला.

"जय ख्रिस्त, ताई," ते म्हणाले. आमच्याकडे जुनी माणसं अजून ‘सलाम’ म्हणतात. इथे सगळीकडे ‘जय ख्रिस्त’. "मी शमुवेल. चला, मंडळी वाट बघतायत."

शमुवेलभाऊ रेल्वेत होते. सगळी नोकरी इगतपुरीला काढून आता नाशिकला स्थायिक झालेले. रिक्षात त्यांनी मला इगतपुरीच्या पावसाची हकिगत सांगितली. चार महिने गणवेश वाळायचा नाही, ओलाच अंगात चढवायचा, आणि ओल्या गणवेशातच त्यांचं लग्न ठरलं.

गंगापूर रोडला आतल्या गल्लीत त्यांचं घर. दारात मार्थाबाई, त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि माणसाच्या हातातली पिशवी काढून घ्यायची त्यांची एक पद्धत आहे. तुम्हाला कळायच्या आत तुमचे हात मोकळे आणि हातात चहा.

चहा संपतो न संपतो तोच शेजारच्या एक आजी गुडघा धरत आत आल्या. "ह्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा ताई," मार्थाबाई म्हणाल्या. मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, इथली पद्धत असेल. मी प्रार्थना केली. मग आणखी एक बाई आल्या, त्यांची पाठ. मग एक गृहस्थ, त्यांच्या जमिनीची केस कोर्टात होती. मी प्रत्येकासाठी मनापासून प्रार्थना केली, पण संमेलनाच्या पाहुण्यांना येताक्षणी एवढं काम लावतात हे पत्रात कळवायला हवं होतं, असंही मनात आलं.

जेवायला काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडचं तिखट जिभेवरच दंगा करतं. हे मुकाट्याने आत जातं आणि मग कानातून वाफ काढतं. मी डोळे पुसत म्हटलं, "संमेलनाला किती बायका येतील?"

"कुठलं संमेलन?"

"शनिवारचं. कुसुमताईंनी बोलावलंय ते."

मार्थाबाईंच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. शमुवेलभाऊंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तुम्ही कुसुमच्या पाहुण्या?" शेवटी मार्थाबाई म्हणाल्या.

तेव्हा उलगडा झाला. मिरजेहूनच एक प्रार्थनेची सेवा करणाऱ्या भगिनी त्याच दिवशी त्यांच्या मंडळीत यायच्या होत्या. (त्यांचं येणं रद्द झाल्याची तार दुसऱ्या दिवशी सकाळी आली.) आणि माझ्या खऱ्या यजमानीण, कुसुमताई, माझी बस तिकडे येईल असं समजून महामार्गाच्या स्टँडवर संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या.

मी ताटावरून उठायला लागले. "बसा," मार्थाबाई म्हणाल्या. "कुसुमच्या असा नाहीतर कुणाच्या. भाकरी गरम आहे." आणि माझ्या वाटीत आणखी रस्सा पडला.

कुसुमताईंना फोन करायला हवा होता. मी माझ्या पिशवीत त्यांचा नंबर शोधायला लागले. शमुवेलभाऊंनी फोन पुढ्यात ओढला आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून, भांडी घासता घासता, पाठ फिरवूनच मार्थाबाईंनी नंबर सांगितला. एक आकडा अडखळला नाही.

पलीकडे कुसुमताईंचा आवाज आधी घाबरलेला, मग सुटलेला. "मार्थाकडे आहात? मग काळजी नाही," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "जेवलात का? मटण होतं का?"

"होतं."

"मग राहा आज तिथेच. संमेलन परवा आहे." आणि फोन ठेवायच्या आधी पुन्हा, "ती बरी आहे ना?"

मी हे मार्थाबाईंना सांगितलं. त्यांनी एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

पिंपळगाव बसवंत, शुक्रवार

सकाळी गुडघ्याच्या आजी येऊन सांगून गेल्या की जरा बरं आहे. मी खरं सांगणार होते, पण शमुवेलभाऊंनी मला खुणेने गप्प केलं.

रविवारी कुसुमताईंच्या आणि यांच्या, दोन्ही मंडळ्यांत प्रभुभोजन होतं आणि आपल्या मंडळीत भाकरीबरोबर द्यायच्या रसासाठी द्राक्षं आणायला हे दोघे पिंपळगावला मुलाकडे निघाले होते. मलाही बरोबर घेतलं. आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस म्हणजे आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळून गाळायच्या, आणि तो नेहमी थोडा काढ्यासारखा लागतो. इथे हंगामात ताज्या द्राक्षांचा रस करतात हे ऐकून मला हेवाच वाटला.

आग्रा रोडवर पिंपळगाव जवळ आलं की आधी वासानेच कळतं. कांद्याचा वास, डिझेलचा वास, आणि मधेच एखादा टेम्पो शेजारून गेला की पिकलेल्या द्राक्षांचा. रस्त्याच्या कडेला शेडमधून बायका ओळीने बसून घड निवडत होत्या, कात्रीने वाईट मणी काढत होत्या, आणि गप्पा अशा रंगलेल्या की आमच्या रिक्षाचा हॉर्नही कुणाला ऐकू गेला नाही.

दानिएल, यांचा मुलगा, तिथेच एका पॅकिंगच्या शेडवर सुपरवायझर आहे. पंचविशी ओलांडलेला, भरल्या अंगाचा, हसरा. त्याची बायको रूथ शाळेत जाते शिकवायला, म्हणून आमची लगेच गट्टी जमली. दानिएलने आम्हाला शेजारच्या बागेत नेलं. बाग रामदासअण्णांची. ते स्वतः माळकरी. दर वर्षी प्रभुभोजनाची द्राक्षं त्यांच्याच बागेतून जातात.

"तुमच्या देवाच्या कामाची हायेत ना?" अण्णा मला म्हणाले. "मंग ह्या रांगेची नका घेऊ, ही यापाऱ्याची हायेत, दिसायला चांगली. त्या कोपऱ्यातल्या वेलाची घ्या. काळी हायेत, लय गोड. दिसायला काय नाय त्यांच्यात."

मी त्यांना बेदाणे दिले. त्यांनी एक तोंडात टाकला, विचारपूर्वक चघळला आणि म्हणाले, "बरे हायेत." पिंपळगावच्या माणसाने तासगावला एवढं म्हणावं, हे मी मिरजेत अभिमानाने सांगते.

दानिएलच्या अंगणात आम्ही परातीत घड धुवायला बसलो. पाणी गार, ऊन कोवळं. मार्थाबाई मणी तोडत होत्या. मग आपणहून म्हणाल्या, "पूर्वी हे मी आणि कुसुम करायचो. दर वर्षी. ती मणी तोडताना खायची, मी ओरडायचे."

मी विचारलं, "मग झालं काय?"

मग त्यांनी सांगितलं. सुरतेला प्लेग आला होता त्या वर्षीची गोष्ट. तेव्हा नाशिकमध्येही लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. मंडळीच्या सभेत कुसुमताईंनी ठराव मांडला की प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच प्याल्याने पिणं बंद करावं, प्रत्येकाला छोटा पेला द्यावा. ठराव पास झाला. झालं एवढंच.

"पण दानिएल नुकता उठला होता हो तेव्हा," मार्थाबाई म्हणाल्या. "टीबी झाला होता त्याला. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. इगतपुरीला काकाकडे नोकरी शोधायला गेलाय, असं सांगायचो. औषधं पुरी झाली, डॉक्टर म्हणाले आता कुणाला धोका नाही. पोरगा कितीतरी महिन्यांनी चर्चला येणार होता. आणि त्याच महिन्यात हिचे पेले! हिची बहीण त्याच दवाखान्यात नर्स. तिनेच सांगितलं असणार. माझ्या पोराचं उष्टं नको, असं तोंडावर म्हणाली असती तर परवडलं असतं. प्लेगचं नाव कशाला पुढे करायचं?"

त्यानंतरच्या रविवारी हे कुटुंब दुसऱ्या मंडळीत जायला लागलं. तिथे अजून सगळ्यांना एकच प्याला असतो. तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही.

दानिएल आतून गाळणं घेऊन आला होता. त्याने सगळं ऐकलं. "आई, तेव्हा मला काय वाटलं ते तू विचारलंस का कधी?" तो म्हणाला. "मला तर पेले बघून बरं वाटलं होतं. म्हटलं, आता भीतीच नाही कुणाला आपली."

"तू गप बस," मार्थाबाई म्हणाल्या, "आणि ते गाळणं इकडे दे."

रस निघाला तो जांभळाकाळा, दाट. एक चमचा मी चाखला. आपल्या मनुकांबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

गंगापूर रोड, शुक्रवार संध्याकाळ

परतताना शमुवेलभाऊ मला कुसुमताईंकडे सोडायला निघाले. मार्थाबाई आपल्या गल्लीच्या तोंडाशीच उतरल्या. दोन घरांत चालत जाता येईल एवढंच अंतर आहे.

रिक्षात मी विचारलं, "भाऊ, हे मी कुसुमताईंना सांगितलं तर?"

"ताई, इतकी वर्षं मी वाट बघतोय, कुणीतरी सांगावं म्हणून," ते म्हणाले. "मी सांगितलं तर मला घरात जेवण मिळायचं नाही. दानिएल तर म्हणतो, आजार माझा, परवानगी माझी. तुम्ही बघा."

कुसुमताई उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. एका नजरेत वर्ग शांत करतील अशा. पण मी आत पाऊल टाकताच त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते मार्थाबाईंबद्दल. गुडघे दुखतात का अजून? केस पिकले का? दानिएलचं लग्न झालं म्हणे, सून कशी आहे? पातीच्या कांद्याची भाजी आणि भात वाढत त्या विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिले. मग एकदम म्हणाल्या, "एवढ्याशा पेल्यांवरून माणूस मंडळी सोडून जातं का हो? मला आजवर कळलं नाही. जुन्या रिवाजाचा एवढा अभिमान तिला कधीच नव्हता."

मी घास खाली ठेवला आणि सांगितलं.

कुसुमताई ऐकत असताना त्यांचा चेहरा मी बघत होते. आधी काही कळलंच नाही असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "टीबी? दानिएलला?" आणि थोड्या वेळाने, "माझी बहीण? अहो, तिच्या नवऱ्याला मधुमेह आहे हे मला तिच्या मुलाच्या लग्नात कळलं, गुलाबजाम नको म्हणाला तेव्हा. ती दवाखान्यातलं घरी कशाला सांगेल?"

त्या उठल्या, पाण्याचा तांब्या उचलला, तसाच परत ठेवला.

"तुम्हाला माहीत नव्हतं म्हटल्यावर तुमचा काहीच दोष नाही," मी म्हटलं.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "ती गेली तेव्हा मी गेले नाही तिच्याकडे. का गेलीस म्हणून विचारलं नाही. मला राग आला होता. माझा ठराव पास झाला आणि माझी मैत्रीण उठून गेली, म्हणजे मलाच कमी लेखलं, असं धरून बसले. विचारायला किती वेळ लागला असता? चालत जायचं घर."

शनिवार

सकाळी मी आवरून बाहेर आले तर कुसुमताई चपला घालून दारात. "चला," म्हणाल्या. "संमेलन दुपारी आहे."

मार्थाबाईंचं दार उघडं होतं. त्या गॅसवर दूध तापवत उभ्या होत्या. वळून बघितलं, आणि त्या उंच बाईला दारात बघून त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"मार्था," कुसुमताई म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं गं."

"काय माहीत नव्हतं?"

"दानिएलचं. देवाशपथ नव्हतं माहीत. प्लेगला घाबरले होते मी, खरोखर प्लेगला. मी घाबरट आहे, तुला माहितीये. तेव्हा उंदीर दिसला म्हणून आठवडाभर बहिणीकडे राहायला गेले होते."

मार्थाबाई म्हणाल्या, "मग आम्ही गेलो तेव्हा आली का नाहीस विचारायला? मी वाट बघत होते. पहिला महिनाभर तर रोज चहा जास्त टाकायचे."

"नाही आले," एवढंच कुसुमताई म्हणाल्या. "चुकले."

मार्थाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी मागे दूध उतू गेलं. दोघी एकदम गॅसकडे धावल्या, एकीने बर्नर बंद केला, दुसरीने फडकं शोधलं, आणि फडकं कुठल्या खणात असतं हे कुसुमताईंना विचारावं लागलं नाही. मी आणि शमुवेलभाऊ बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग भांडण, मग कुणाची तरी नक्कल आणि हसणं. चहा मिळाला तो गार आणि बिनसाखरेचा. शमुवेलभाऊ तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

दुपारी संमेलनाला मांडव भरला होता. मार्थाबाई आल्या आणि अगदी शेवटच्या रांगेत बसल्या, जवळ डबा. कितीतरी बायकांनी त्यांना ओळखलं, जागा केली, हात धरले. माझी पाळी आली तेव्हा मी व्याख्या वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं वाचली आणि मला ती पुढे वाचवेना. मी कागद घडी करून ठेवला.

"सहभागिता म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण ती नुसती एका छताखाली बसण्यात नसते, हे मला इथे दिसलं. आपल्या भगिनीचा फोन नंबर आपल्याला पाठ असतो, ती जेवली का याची काळजी असते, आणि तरी आपण फोन उचलत नाही. मला वाटतं, सहभागिता तुटलेली नसते तेव्हा. आपण फक्त तिच्याकडे पाठ करून भांडी घासत असतो. ज्यांना कुणाला फोन करायचा असेल त्यांनी आज घरी जाऊन करा."

सगळ्यात मोठ्याने शेवटच्या रांगेतून हसू आलं. माझं भाषण कार्यक्रमात अर्ध्या तासाचं होतं. ते एवढ्यातच संपल्यामुळे जेवणं वेळेवर झाली, आणि त्याबद्दल पुष्कळ बायकांनी माझे वेगळे आभार मानले.

रविवार

दोन्ही मंडळ्या एक झाल्या, असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. दोन्ही आजही वेगळ्या आहेत. एकीकडे पेले आहेत, एकीकडे प्याला, आणि दोन्हीकडच्या पाळकसाहेबांजवळ आपापली कारणं आहेत. चांगली आहेत. मी ऐकून घेतली.

पण त्या रविवारी कुसुमताईंनी आपल्या पाळकसाहेबांना सकाळीच सांगून टाकलं, "आज मी मार्थाकडे प्रभुभोजन घेणार." ते म्हणाले, "तिकडे पेले नसतात, कुसुमताई." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे."

मार्थाबाईंची मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रं, खाली सतरंज्या. आमच्याकडे बाक आणि पेटी. इथे ढोलकी, टाळ, आणि गायनं भजनाच्या चालीवर. टाळ वाजवायला शमुवेलभाऊ, आणि त्यांचा ताल एवढा चुकत होता की ढोलकीवाल्याने त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. पिंपळगावहून दानिएल आणि रूथ आले होते. कुसुमताई सरळ आत आल्या आणि मार्थाबाई व दानिएल यांच्या मधे बसल्या. उंच असल्यामुळे मांडी घालून बसायला त्यांना वेळ लागला. दानिएलने हात दिला.

भाकर फिरली. मग पाळकसाहेब प्याला घेऊन रांगेतून यायला लागले. प्रत्येकजण प्यायला की पांढऱ्या रुमालाने कड पुसायची आणि पुढच्याच्या हातात द्यायचा, असा तिथला रिवाज. दानिएल प्यायला. पाळकसाहेबांनी कड पुसायला रुमाल उचलला, पण त्याआधीच कुसुमताईंनी दोन्ही हात पुढे केले होते. ते थबकले आणि प्याला तसाच त्यांच्या हातात दिला. कुसुमताई प्यायल्या. मग त्यांनी तो स्वतःच मार्थाबाईंच्या हातात दिला.

प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थनेत राहायचं असतं. मार्थाबाईंचा एक डोळा सबंध वेळ उघडा होता. माझे दोन्ही.